दहा गुंठ्यांची वही

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

रामराम, जय सेवालाल, ज्या घरात जो नमस्कार चालतो तो घ्यावा. आम्ही पोहरादेवीहून बोलतो आहोत, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम. गावातल्या आणि आजूबाजूच्या तांड्यांवरच्या बचत गटांच्या वतीनं आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय घरामागच्या वाडीचा. कोणी तिला परसबाग म्हणतं, कोणी सांदवाडी म्हणतं, सरकारी कागदावर तिचं नाव 'पोषण परसबाग' होतं. चार वाफे भाजी, पाच-सहा कोंबड्या, दोन शेळ्या, कोपऱ्यात एक शेवगा, आणि त्यांच्याभोवती दिवसभर फिरणारं आपलं घर. हातातलं काम थांबवू नका. ऐकता ऐकता शेंगा सोलल्या तरी चालतील.

शहरातली माणसं आता गावाकडे जमिनीचा लहानसा तुकडा घेतात. सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन येतात, दोन झाडं लावतात, चार कोंबड्या ठेवतात, लेकरांना माती दाखवतात. त्याला ते हौसेची शेती म्हणतात. त्यांनी खुशाल करावी. पण आमच्याकडेही हा शब्द आहे आणि तो वेगळ्या ठिकाणी वापरला जातो. बाहेरचं कोणी वाडीबद्दल विचारलं की घरातले पुरुष म्हणतात, "ते काय, बायकोची हौस आहे." सोयाबीन, तूर, कपाशी ही शेती. अन् ज्या तुकड्यातून रोजची भाजी ताटात येते, ती हौस. आज आम्हाला या एका शब्दाबद्दलच बोलायचं आहे.

आधी या हौसेचा एक दिवस बघू. सकाळी सगळ्यात आधी उठते ती घरातली म्हातारी. ती खुराड्याचं दार उघडते अन् कोंबड्या मोजते, कारण रात्री मुंगूस किंवा मांजर येऊन गेलं का ते तिलाच आधी कळतं. मग सून उठते, शेळ्यांखालची लेंडी झाडून खड्ड्यात टाकते. मोरीचं पाणी बाहेर जातं तिथे केळी आणि अळू. भांडी आधी राखेनं घासायचे, तेव्हा ते पाणी कुठेही चालायचं. आता साबण-पावडर आली, म्हणून फेसाचं पाणी केळीला अन् तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी पालेभाजीला, असे दोन वेगळे डबे ठेवावे लागतात. शाळेत जायच्या आधी लेकीनं अंडी शोधायची. कोंबडी काही ठरल्या जागी अंडी देत नाही. कधी कडब्याच्या गंजीत, कधी सरपणाच्या मागे, कधी शेजारणीच्या वाडीत. शेजारणीच्या वाडीत दिलेलं अंडं कोणाचं, यावरून आमच्या गटाच्या बैठकीत एकदा अर्धा तास गेलेला आहे. शेवटी असं ठरलं की कोंबडी जिची, अंडं तिचं, पण महिन्यातून एक अंडं शेजारणीच्या लेकराला. इतका सोपा निकाल कोर्टातही लागत नसेल.

दुपारी शेळ्या चारायला जातात. त्यांच्या मागे सासरे किंवा घरातला लहान मुलगा. शेळी जाते तशी कुंपण तोडून आतही येते. ज्यांनी बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण दर दिवाळीनंतर नव्यानं भरलं, त्यांचीच मेथी वाचते. संध्याकाळी तुरीच्या वावरातून येताना बाई पदरात घोळ, तांदुळजा, पावसाळ्यात तरोटा, नशीब असेल तर काटवल घेऊन येते. वाडीतले दोडके, ढेमसं, बरबटीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, वांगे, मिरच्या, सांबार. हे सगळं चुलीपर्यंत जातं आणि ताटात येऊन संपतं. त्याची पावती नाही, पट्टी नाही, वजनकाटा नाही. म्हणून ते कोणाला दिसत नाही.

सोयाबीन मात्र दिसतं. पोते भरतात, गाडी येते, बाजार समितीत काटा होतो, अडत्या पट्टी देतो आणि पैसा एकदम येतो. तो घरधन्याच्या हातात येतो. भाजी पदरात येते, अंडं ओंजळीत येतं, तेही रोज थोडं थोडं. एकदम आलेला पैसा कमाई वाटतो. रोज आलेली वस्तू घरचीच वाटते, तिला कोणी कमाई म्हणत नाही.

आता खरी अडचण कधी येते ते सांगतो. जूनचा पहिला आठवडा. बियाण्याला पैसे पाहिजेत, मागच्या हंगामाचं पीककर्ज डोक्यावर, अन् नजर जाते वाडीवर. आमच्या गटातल्या एका ताईच्या घरी असंच झालं. घराला लागून दहा गुंठ्यांचा तुकडा, तिथे तिची वाडी. मालक म्हणाले, "त्या दहा गुंठ्यात काय भेटते? त्यापरीस सोयाबीन टाकू. अन् त्या दोन बकऱ्या इकून बियाणं आणू." माणूस वाईट नाही. व्यसन नाही, मारझोड नाही. डोक्यावर कर्ज असलेला माणूस जसा विचार करील तसाच त्यांनी केला. ताई बैठकीत आली ती रडत नव्हती, चिडलेली होती. म्हणाली, "भांडू कशावरून? माझ्यापाशी सांगायलेच काही नाही."

तिच्यापाशी सांगायला खूप होतं, फक्त कुठे लिहिलेलं नव्हतं. गटात आपण दर बैठकीला बचतीचा रुपया न् रुपया लिहितो, उशिरा आली तर दंड लिहितो, कर्जाचा हप्ता लिहितो. आपल्याला लिहायची सवय नाही असं कोणी म्हणू नये. आपण गटाचं लिहितो, घरचं लिहीत नाही.

म्हणून त्या दिवशी बैठकीतच आम्ही हिशेब मांडला. तुम्हीही मनात मांडा. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. सोयाबीन चांगलं झालं, पाऊस वेळेवर पडला, येलो मोझॅक आला नाही, काढणीच्या वेळी पाणी लागलं नाही, तर एकरी आठ क्विंटल धरा. पाव एकरात दोन क्विंटल. २०२४-२५ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. दोन क्विंटलचे झाले ९,७८४ रुपये. त्या साली बाजारात किती शेतकऱ्यांना हमीभावाच्या खाली विकावं लागलं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. तरी आपण पूर्ण हमीभाव धरू. यातून बियाणं, खत, दोन फवारण्या, सोंगणी आणि मळणी वजा करायची आहे. किती उरतं ते ज्याच्या त्याच्या घरचं वेगळं, पण ९,७८४ उरत नाहीत हे नक्की.

आता वाडी. वर्षाचे चार महिने सोडून द्या, उन्हाळ्यात आमच्याकडे प्यायच्या पाण्याचीच मारामार असते. आठ महिने धरा, २४० दिवस. रोज एक किलो भाजी, म्हणजे शेंगा, पाला, वांगे, मिरची सगळं मिळून. किलोला ३० रुपये धरा. झाले ७,२०० रुपये. सहा कोंबड्या. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. साठ धरली तर ३६० अंडी. गावरान अंड्याचे दहा रुपये धरले तर ३,६०० रुपये. दोन्ही मिळून १०,८०० रुपये. खर्चात बियाणं घरचं, खत लेंडीचं, मजुरी बाईची. अन् शेळ्या आपण अजून धरल्याच नाहीत.

हे आकडे डोळे झाकून घेऊ नका. तुमच्या गावात भाजी स्वस्त असेल, कोणाच्या कोंबड्या मुंगसानं नेल्या असतील, कोणाच्या वाडीला पाणी सहाच महिने पुरत असेल. आपापला भाव टाका, आपापले दिवस टाका. वाडी सोयाबीनपेक्षा फार मोठी आहे असं आम्ही म्हणतच नाही. ती बरोबरीत आहे, एवढंच म्हणतो. बरोबरीतल्या एकाला शेती अन् दुसऱ्याला हौस का म्हणावं?

शिवाय या दोन रकमा सारख्या नाहीत. सोयाबीनच्या पैशातून भाजी विकत आणायची असेल तर आपण रोज एक किलो आणतो का? आठवडी बाजारातून एकदा आणतो, ती तीन दिवस पुरते, मग बेसन, मग नुसतं तिखट-मीठ अन् बाटी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मोठ्या माणसाच्या रोजच्या ताटाचा जो नमुना सांगितला आहे, त्यात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत. पाच माणसांच्या घराला दोन किलो. म्हणजे वर आपण धरलेली एक किलो भाजी गरजेच्या निम्मीच आहे. आणि ताटातली भाजी कमी पडते तेव्हा कोणाच्या ताटातून कमी होते, हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यात शेवटी जेवायला कोण बसते? तिच्याच ताटातून. आरोग्य शिबिरात रक्त कमी निघालं की डॉक्टर पालेभाजी खा म्हणून सांगतात, अन् घरी आल्यावर पालेभाजीच्या जागी नांगर फिरलेला असतो.

तर वही. आम्ही ती फार सोपी केली. लेकीच्या जुन्या वहीची उरलेली पानं. चार रकाने. तारीख, काय निघालं, किती, बाजारात त्या दिवशी त्याचा भाव काय. भाजी तोलायला घरी काटा नसतो, म्हणून किराणा दुकानातून एकदा जुडी, एक टोपलं आणि एक वाटी तोलून आणली. त्यानंतर सगळा हिशेब जुडी, टोपलं, वाटीत. लिहायचं काम लेकीचं किंवा मुलाचं. जिला लिहिता येत नाही ती भिंतीवर कोळशाची रेघ ओढते, रविवारी मुलगा त्या रेघा वहीत उतरवतो. एका रकान्याची भर पुढे बायांनीच घातली, आमच्या डोक्यात ती नव्हती. तो म्हणजे 'कोणाला दिलं'. आजारी जावेला दुधी, बाळंतिणीला शेवग्याचा पाला, माहेरी जाताना बरबटी, पाहुण्याला अंडी. पहिल्या महिन्याची वही वाचली तेव्हा हा रकाना इतका भरलेला निघाला की आम्हीच गप्प झालो. वाडी नसती तर त्या त्या दिवशी रिकाम्या हातानं जावं लागलं असतं.

आमच्याकडे चैत्रात रामनवमीची यात्रा भरते. कर्नाटक, तेलंगण, आंध्रातून समाजाची माणसं येतात, प्रत्येक घरात पाहुणे असतात. आणि चैत्र म्हणजे वाडी सुकलेली. तेव्हा कामाला येतं ते आधी वाळवून ठेवलेलं. गवारीच्या शेंगा, मेथी, वांग्याच्या फोडी, मुगाच्या वड्या. ही वाळवणंसुद्धा वहीत लिहा. डिसेंबरात वाळवलेली मेथी एप्रिलमध्ये दहा पाहुण्यांना वाढली, तर तिचा भाव डिसेंबरचा लावायचा की एप्रिलचा, असा प्रश्न एका ताईनं विचारला. आम्ही म्हटलं, व्यापारी कोणता लावील? तोच लाव.

आता कोंबड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण वहीत सगळ्यात जास्त नुकसान तिथेच दिसलं. मानमोडी आली की एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, अन् शेजारच्या वाडीतही लगेच पसरते. यावर औषध नाही, पण लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. दोन महिन्यांच्या आसपास पंखाखाली टोचायची दुसरी लस. लस महाग नाही. अडचण अशी की एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची लस असते, आणि आपल्यापाशी असतात सहा कोंबड्या. एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. म्हणून एकटी बाई ती आणतच नाही. हे काम गटानंच करायचं आहे. आम्ही तांड्यावरच्या सगळ्या कोंबड्या आधी मोजून घेतो, एक दिवस ठरवतो, दोघीजणी तालुक्याहून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये लस आणतात, आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की घरोघर जाऊन एकेक डालं उघडायचं. दिवसा कोंबड्या पकडायला जाल तर अख्खा तांडा तुमच्या मागे धावेल आणि हसेल.

कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा अंडी, एकवीस दिवस, हे कोणाला शिकवायला नको. तेवढंच लक्षात ठेवा की उन्हाळ्यात बसवलेल्या अंड्यांतली बरीच गळतात. सुधारित जातीची पिल्लंही मिळतात, गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया. अंडी जास्त देतात, पण त्यांना अंड्यावर बसायची ओढ नसते. म्हणून दोन-तीन देशी कोंबड्या ठेवाव्याच. सगळ्या सुधारित केल्या तर पुढच्या वर्षी पिल्लं विकतच आणावी लागतील.

शेळ्यांचं थोडक्यात. आंत्रविषाराची लस पावसाळा लागायच्या आधी, पीपीआरची लस दवाखान्यात सांगतील त्या वेळी, जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. आपली वऱ्हाडाची बेरारी शेळी ही आता देशाच्या नोंदणी झालेल्या जातींमध्ये आहे, तिला हलकी समजू नका. एक गोष्ट मात्र सगळ्या गटांनी पाळावी. यात्रेच्या दिवसांत बोकडाला मागणी असते, दलाल अंदाजानं भाव सांगतो, बाई घरी एकटी असते. एकटीनं सौदा करू नका. वजनकाट्यावर चढवून, दोघी-तिघींनी मिळून करा.

पाण्याशिवाय वाडीची गोष्ट पुरी होत नाही. आमचा मानोरा भाग माळरानाचा, पाणी थांबत नाही. ज्यांच्यापाशी दहा गुंठे नाहीत, नुसती घराभोवतीची जागा आहे, त्या ताया विचारतात आम्ही काय करावं. त्यांच्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-लेंडी भरून वांगे आणि मिरची, छपरावर दोडका अन् भोपळ्याचा वेल, मोरीच्या पाण्यावर अळू. एका गुंठ्यातही, म्हणजे तेहतीस फूट लांब अन् तेहतीस फूट रुंद जागेत, पाच-सहा प्रकारची भाजी सहज निघते. शेवगा तर भर उन्हाळ्यात पाला देतो, त्याला पाणीही फार लागत नाही. दाराशी एक शेवगा नाही अशा घरी आम्ही चहासुद्धा घेत नाही, असं आता गटात गमतीनं म्हणतात.

किडीला बाजारातलं औषध मारून तीच भाजी लेकराला घालायची असेल तर मग वाडीचा उपयोग काय? निंबोळ्या जून-जुलैमध्ये झाडाखाली पडलेल्या असतात. त्या वाळवून, कुटून ठेवाव्या. पाव किलो भुकटी रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून पाच लिटर पाणी करायचं, त्यात थोडा साबणाचा चुरा, आणि संध्याकाळी फवारायचं.

बियाण्याचं म्हणाल तर तांड्यावरच्या बाईला पेरणं कोणी शिकवावं? लग्नाआधी श्रावणात तिनं तीज केलेली असते. वारुळाची माती, त्यात खत, टोपलीत गहू, अन् नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. कोणाच्या टोपलीतला गहू उंच आला, कोणाचा पिवळा पडला, हे सगळा तांडा बघतो. बियाणं उगवतं की नाही याची परीक्षा याहून वेगळी काय असते? पेरणीच्या आधी घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा आणि किती उगवले ते मोजा. कृषी सहायकही हेच सांगतात. आपल्याला ते गाण्यांसकट माहीत आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. घरच्या परसबागेसाठी गावरान बियाणं जपता जपता त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या सासवांनी वर्षानुवर्षं राखेत घोळून मडक्यात बी ठेवलं, छपराला दुधी वाळत टांगला, त्यांना कोणी काही दिलं नाही. राहीबाईंना मिळालं ते बघून त्या मडक्याकडे जरा नीट बघावं म्हणून हे सांगितलं.

आणि ही वाडीची गोष्ट आपण पहिल्यांदा काढतो आहोत असंही नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात शेगावला शेतकरी संघटनेचा मोठा मेळावा झाला. तिथे शरद जोशींनी शेतीचे चार मार्ग सांगितले, त्यातले पहिले दोन घरातल्या बाईच्या जवळचे होते. सीताशेती, म्हणजे थोड्या जमिनीत बाईनं बाहेरून काही विकत न आणता आपल्या हातानं करून बघायची शेती. आणि माजघर शेती, म्हणजे पिकलेलं तसंच बाजारात न नेता घरातच निवडून, दळून, पाखडून विकायचं. त्याच काळात लक्ष्मीमुक्तीचं काम चालू होतं, नवऱ्यानं आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. गावंच्या गावं त्यात आली. १९९२ साली सरकारनंही सातबाऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावण्याचा निर्णय काढला. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीला सीतामाईचं मंदिर आहे, त्याचा जीर्णोद्धारही जोशींच्याच पुढाकारानं झाला. म्हणजे हा विचार आपल्याच मुलखात फिरलेला आहे.

दुसरी गोष्ट मराठवाड्याची. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात बायांबरोबर काम करत 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली. दुष्काळ पडायला लागला तेव्हा त्यांच्या सख्यांनी घरच्या जमिनीतून अर्धा एकर, एक एकर मागून घेतला. त्याला एक एकर शेती म्हणतात. ऊस नाही, सोयाबीन नाही. डाळी, ज्वारी-बाजरी, भाजी, मिसळून लावायचं, घरचं खत, आणि आधी घरी खायचं, उरलेलं विकायचं. २०१७ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. आम्हाला त्यातला पारितोषिकापेक्षा 'मागून घेतला' हा शब्द मोलाचा वाटतो. त्यांना जमीन कोणी वाटायला आलं नव्हतं. घरातच बोलावं लागलं, नवऱ्याशी, सासऱ्याशी, कधी मुलाशी. आणि बोलताना हातात काहीतरी असावं लागतं.

आमच्या त्या ताईच्या घरी त्या जूनमध्ये काय झालं ते सांगतो. आम्ही मांडलेला हिशेब कागदावर घेऊन ती घरी गेली. सोबत गटातल्या दोघी गेल्या, ओरडायला नाही, नुसत्या चहाला. सासूबाईंनी मध्येच तोंड घातलं, "मले दात नाही, मले वालाच्या शेंगा पाहिजे. सोयाबीन का मी चावू?" आमच्या सगळ्या आकड्यांपेक्षा याचाच परिणाम जास्त झाला असावा. शेवटी चार गुंठ्यांवर सोयाबीन पेरलं गेलं, सहा गुंठे वाडी राहिली. शेळ्या राहिल्या, एक बोकड विकला आणि ते पैसे बियाण्याला गेले. ताईनं ते वहीत असे लिहिले, "वाडीकडून सोयाबीनला उसने." मालक हसले. पण दिवाळीच्या सुमारास पट्टी आली तेव्हा तिनं वही पुढे केली आणि त्यातले अर्धे पैसे परत मिळाले. त्या पैशाची तिनं एक पाट घेतली. उरलेले अर्धे वहीत येणे बाकी म्हणून लिहिलेले आहेत. सहा गुंठ्यांच्या कडेनं तिनं शेवग्याची सात झाडं लावली आहेत. झाडं मोठी झाली की तिथे नांगर फिरवायला त्रास होतो, हे तिला चांगलं माहीत आहे.

येत्या जूनमध्ये तोच विषय पुन्हा निघणार. हमीभाव दरवर्षी नवा येतो, कर्ज जुनंच असतं. या वेळी तिच्यापाशी अख्ख्या वर्षाची वही आहे, आणि पेरणीआधी एका रात्री ती घरात मोठ्यानं वाचायची असं लेकीनं ठरवलं आहे. लेक सातवीत आहे, आवाज खणखणीत आहे. बाकी गटांतल्या तायांनी वही अजून सुरू केली नसेल तर पावसाळ्याची वाट बघू नका. आज संध्याकाळी निघालेल्या अंड्यापासून सुरू करा.

मेच्या शेवटच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरच्या बियाण्याची एक एक पुडी आणावी. पुडीवर भाजीचं नाव आणि कोणत्या साली धरलेलं बी ते लिहावं. वालाचं आणि ढेमशाचं बी कमी आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी जास्त आणावं. कोंबड्यांची मोजणीही त्याच दिवशी घेऊ, म्हणजे लसीच्या किती कुप्या लागतील ते कळेल. पिल्लंही मोजून या.